दार नसलेल्या माणसाचा फोटो

प्रवासाला निघताना पूर्वी माणूस वळकटी आणि फिरकीचा तांब्या आठवणीने घ्यायचा. आता तो मोबाईलचा चार्जर घेतला की नाही हे आधी पाहतो. फोटो नसतील तर आपण जाऊन आलो हे कोणाला पटणार, अशी एक धास्ती असते. आम्हीही त्या धास्तीतलेच. आम्ही तिघे मुंबईतल्या शाळांत नोकरी करणारे मास्तर. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत गीतांजली एक्स्प्रेसने कोलकात्याला गेलो. एकाकडे चांगला कॅमेरा होता, दोघांकडे मोबाईल. गाडीतच ठरले की स्मारकांचे आणि पुतळ्यांचे फोटो बाजारात विकत मिळतात, ते आपण काढायचे नाहीत. आपण रस्ते आणि माणसे टिपायची. शहराचा स्वभाव पकडायचा.

'पकडायचा' हाच शब्द आम्ही वापरला होता. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा एकाच्याही मनात आले नाही. हा लेख त्या एका शब्दापायी लिहावा लागला.

मुळात शहराला स्वभाव असतो का? २०११ च्या जनगणनेत कोलकाता महानगराची लोकसंख्या १ कोटी ४० लाखांहून अधिक होती. एवढ्या माणसांचा मिळून एक स्वभाव कसा असेल? आमच्या एकेका घरात चार माणसांचे चार स्वभाव आहेत. तरीही प्रवासी माणूस बेधडक बोलून जातो की अमुक शहर आळशी आहे, तमुक शहर दिलदार आहे. तो दोन दिवस राहतो, पंचवीस माणसांशी बोलतो आणि निकाल देतो. फोटो हा त्या निकालाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. पण पुरावा गोळा करणारा आणि निकाल देणारा माणूस एकच असेल तर त्या न्यायाला काय म्हणावे?

छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट येथे आठवते. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने आपल्या खिडकीतून 'बुलेव्हार द्यु तांप्ल' या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता. परंतु त्या काळी एका चित्रासाठी कित्येक मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. त्यामुळे जी माणसे चालत होती, ज्या घोडागाड्या धावत होत्या, त्या चित्रात उमटल्याच नाहीत. सारा रस्ता ओस दिसतो. कोपऱ्यात मात्र एक माणूस बूट पॉलिश करून घेत उभा आहे आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची अंधूक आकृती आहे. फोटोत आलेली जगातली पहिली माणसे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. जे निघून जाऊ शकत होते ते सुटले. जे एका जागी खिळले होते ते सापडले.

आज कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतो. तरीही सापडणारी माणसे तीच आहेत, हे आम्हाला कोलकात्यात कळले.

पहिले दोन दिवस आम्ही हावड्याच्या पुलाखालचा फुलबाजार, कुमारटुलीतले मूर्तिकार, कॉलेज स्ट्रीटवरचे पुस्तकवाले, बडाबाजारात डोक्यावर गाठोडी वाहणारे हमाल असे काय काय टिपले. आपण मोठे काम करतो आहोत अशी भावना होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नाखुदा मशिदीजवळ झकारिया स्ट्रीटवर उभे होतो. माणसाने ओढायची रिक्षा समोरून आली. ओढणारा साठीचा असावा. हातातली छोटी घंटी दांड्यावर आपटत तो येत होता. रिक्षात एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांच्या पायाशी दोन पोती. आमच्यापैकी एकाने पटापट पाचसहा फोटो घेतले. पाठीचा बाक, पायाच्या शिरा, मागे जुन्या इमारतीचा उडालेला रंग. सगळे जुळून आले होते.

माणूस सवारी सोडून परत आला आणि सरळ आमच्यासमोर उभा राहिला. आम्हाला वाटले, पैसे मागणार. आमच्यातल्या एकाचा हात खिशाकडेही गेला. तो म्हणाला, "बाबू, हमारा फोटू लिया आपने?"

"हाँ चाचा. आपको बुरा लगा?"

त्याने उत्तर दिले नाही. थोडा वेळ रिक्षाच्या दांड्याकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "गाँव में सब समझते हैं हम दुकान में काम करते हैं. नातिन की शादी की बात चल रही है. आजकल मोबाईल में सब का फोटू सब जगह पहुँच जाता है."

आम्ही तिघेही गप्प झालो. तो काही भांडायला आला नव्हता. त्याने आमची नियत विचारली नाही की फोटो पुसा असेही म्हटले नाही. त्याने फक्त आपली अडचण सांगितली. आम्ही त्याच्यासमोर एकेक फोटो पुसला. प्रत्येक वेळी त्याला पडदा दाखवला. वयाने आमच्या वडिलांएवढा माणूस चोरी उघडकीला आल्यासारखा अवघडून उभा होता. चोरी तर आमच्या हातून झाली होती.

त्या रात्री लॉजवर बसून आम्ही दोन दिवसांचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. तीनशेच्या आसपास होते. त्यांत हमाल होते, फुटपाथवर दाढी करून घेणारे होते, नळावर आंघोळ करणारे होते, झोपलेले होते, भीक मागणारे होते, उघडी पोरे होती. त्यांत सॉल्ट लेकच्या कचेरीत जाणारा एकही माणूस नव्हता. आम्ही स्वतः रोज मेट्रोने हिंडत होतो. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्यात १९८४ साली धावली आणि २०२४ च्या मार्चपासून ती हुगळीच्या पात्राखालूनही जाते. त्या मेट्रोतून वर येणाऱ्या हजारो माणसांपैकी एकाचाही फोटो आम्हाला काढावासा वाटला नव्हता. त्यांच्यात आम्हाला 'शहराचा स्वभाव' दिसला नाही. का दिसला नाही?

एक कारण असे की आमच्या डोक्यात फोटो आधीच तयार होता. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मध्ये, १९५३ साली, बलराज साहनी यांनी जमीन वाचवण्यासाठी कोलकात्यात रिक्षा ओढणारा शेतकरी उभा केला. तो आम्ही लहानपणी पाहिला होता. दोमिनिक लापिएर यांची 'सिटी ऑफ जॉय' ही कादंबरी १९८५ साली आली, १९९२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्यातही रिक्षा ओढणारा होता, ओम पुरी यांनी तो केला. आपल्या शहराची गरिबीच जगाला दाखवली जाते म्हणून त्या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी कोलकात्यात निदर्शने झाली होती. म्हणजे आम्ही शहर पाहायला गेलोच नव्हतो. ठरलेले चित्र जुळते का ते तपासायला गेलो होतो. आणि ते जुळणार यात नवल नाही, कारण रिक्षा ओढणारे अजून आहेत. २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने या रिक्षा बंद करण्याचा कायदा केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि रिक्षा रस्त्यावर राहिल्या. ज्यांना ही प्रथा लाजिरवाणी वाटते तेही आपले आणि ज्यांचे पोट तिच्यावर आहे तेही आपलेच. हा गुंता आमच्या पाचसहा फोटोंत कोठेच नव्हता. त्यांत फक्त एक सुंदर बाकलेली पाठ होती.

दुसरे कारण अधिक टोचणारे आहे. ज्यांच्या घराला दार आहे त्यांचे फोटो आपण विचारल्याशिवाय घेत नाही, कारण ते दार लावून घेतात. श्रीमंत माणसाची आंघोळ, झोप, जेवण, भांडण सारे भिंतीआड होते. गरिबाचे हे सगळे रस्त्यावर होते. रस्ता सर्वांचा म्हणून तिथला फोटो घ्यायला हरकत नाही, असे आपण म्हणतो. पण आमच्यासाठी जो रस्ता आहे तो कोणाची तरी मोरी आहे, कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे. शहराचा स्वभाव म्हणून आपण घरी आणतो तो बहुधा दार नसलेल्या माणसांचा नाइलाज असतो.

आम्हाला ही गोष्ट इतक्या उशिरा कळावी याची शरम अधिक वाटली, कारण या व्यवहाराची दुसरी बाजू आम्ही घरी भोगलेली आहे. आम्ही मोहम्मद अली रोडच्या परिसरात वाढलो. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत कॅमेरे घेऊन घोळकेच्या घोळके येतात. कढईतले मालपुवे, धूर, टोप्या, बुरखे. वर्षानुवर्षे तेच फोटो. आमच्यापैकी एकाच्या आईला मोहल्ल्यात सगळे आपा म्हणतात. त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज डॉक्टर आहेत, वकील आहेत. एका संध्याकाळी नातू परीक्षेहून यायचा होता म्हणून त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. कोणी तरी फोटो घेतला. काही महिन्यांनी तो कोणाच्या तरी मोबाईलवरून फिरत फिरत आमच्याकडे आला. पोपडे निघालेली भिंत, तिच्यापुढे काळ्या बुरख्यातली एक आकृती आणि खाली ओळ, जुन्या मुंबईचा थांबलेला काळ.

आपांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "भिंत फार सुरेख आली आहे. यात मी कुठे आहे?"

आम्ही तेव्हा त्या फोटो काढणाऱ्याला मनसोक्त नावे ठेवली होती. आम्हाला नमुना समजतात, माणूस समजत नाहीत, असे तावातावाने बोललो होतो. आणि झकारिया स्ट्रीटवर उभे राहून आम्ही नेमके तेच केले. रंग उडालेल्या भिंतीसकट.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही फार हळवे होता आहात. सार्वजनिक जागी फोटो घेण्यात बेकायदा काय आहे? प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांत एक वयोवृद्ध कर्मठ ज्यू गृहस्थ होते. आपला चेहरा असा मांडणे आणि विकणे आपल्या श्रद्धेला धरून नाही, अशी तक्रार घेऊन ते न्यायालयात गेले. २००६ साली न्यायालयाने निकाल छायाचित्रकाराच्या बाजूने दिला. हे चित्र कला आहे आणि कलेला अभिव्यक्तीचे संरक्षण आहे, असे ठरले. कायद्याच्या अंगाने ते बरोबरही असेल. चेहरा झाकलेल्या माणसांचेच फोटो घ्यायचे ठरवले तर जगात वर्तमानपत्र निघणार नाही. पण कायदा आपल्याला काय करता येईल एवढेच सांगतो. आपण काय करावे हे सांगायला तो बांधील नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्या निकालपत्रात एक विचार आहे. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो. फुटपाथवर राहणाऱ्या माणसासाठी हे वाक्य फार मोलाचे आहे. त्याच्याकडे दार नसेल, पण दारामागे जे जपायचे असते ते त्याच्याकडे आहे.

मग रस्त्यावरच्या गरिबाचा फोटो घ्यायचाच नाही, असा नियम करावा का? आम्हाला त्या रात्री तसे वाटले होते. पण तो नियमही टिकत नाही आणि तो टिकत नाही हे कोलकात्याच्याच इतिहासाने दाखवले आहे.

हावड्याचा आजचा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी बंगालच्या खेड्यांतली उपाशी माणसे कोलकात्याच्या फुटपाथांवर येऊन मरू लागली. महायुद्धाचा काळ होता, बातम्यांवर निर्बंध होते आणि दुष्काळ हा शब्द सरकार तोंडातून काढायला तयार नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी त्या फुटपाथांवरची छायाचित्रे छापली. त्यानंतर दुष्काळ नाकारणे अवघड झाले. सुनील जाना यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर'साठी दुष्काळाचे फोटो घेतले. चित्तप्रसाद यांनी रेखाटने केली, तर त्यांची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. अमर्त्य सेन यांनी नऊ वर्षांचे असताना तो दुष्काळ पाहिला आणि पुढे त्याचा अभ्यास करताना स्टीफन्स यांच्या या धैर्याची आवर्जून नोंद घेतली. मृतांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. ती छायाचित्रे छापली नसती तर हा आकडा कोठे गेला असता?

त्या फोटोंतल्या माणसांनीही परवानगी दिली नव्हती. मरणाऱ्याची परवानगी कोण घेणार? तरीही त्या फोटोंना आम्ही चोरी म्हणू शकत नाही. फरक कोठे आहे?

आम्हाला तो असा दिसतो. दुष्काळाच्या फोटोतला माणूस ज्यांनी उत्तर द्यायला हवे होते त्यांच्यापुढे उभा केला गेला. हा असा का पडला आहे, असा प्रश्न तो फोटो विचारत होता. आणि तो विचारताना छापणाऱ्याने स्वतःचे काही पणाला लावले होते. आमच्या फोटोतला माणूस कोणापुढेच उभा राहणार नव्हता. त्याला पाहून कोणी प्रश्न विचारणार नव्हते. वा, काय फोटो आहे, एवढेच म्हणणार होते. त्याच्या कष्टाचे आमच्या हौसेत दागिन्यासारखे रूपांतर झाले असते. पणाला लागले होते ते त्याचे, आमचे काहीच नाही. नातीचे लग्न मोडले असते तर त्याचे मोडले असते.

म्हणून आता आम्ही एवढेच मानतो की फोटो घेणे म्हणजे उसने घेणे आहे. उसने घेणे पाप नाही, समाज त्यावरच चालतो. पण देणेकऱ्याने आपण देणे लागतो हे विसरू नये. हाच फोटो समोरचा आपल्याकडे पाहत असताना घ्यायची आपली हिंमत आहे का? हीच चौकट आपल्या गल्लीची आणि आत आपली आई असती तर? या फोटोचा फायदा कोणाला आणि भुर्दंड कोणाला? एवढे स्वतःला विचारायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात क्षण निसटतो, असे छायाचित्रकार म्हणतील. निसटू द्यावा. पॅरिसच्या त्या रस्त्यावरची शेकडो माणसे निसटली, म्हणून त्यांचे काही बिघडले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा झकारिया स्ट्रीटवर गेलो. चाचा भेटले. बरोबर चहा घेतला. बोलता बोलता त्यांनीच विषय काढला की घरी पाठवायला एक चांगला फोटो हवा आहे. ते जाऊन धुतलेला कुर्ता घालून आले. ओळखीच्या अत्तरवाल्याला विचारून त्याच्या दुकानापुढे खुर्चीवर बसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्ही फोटो घेतला, जवळच्या स्टुडिओत त्याच्या दोन प्रती काढल्या आणि संध्याकाळी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी प्रत लांब धरून पाहिली आणि कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवली.

हा फोटो खरा की खोटा, यावर आमच्यात परतीच्या गाडीत बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, आपण एका थापेला मदत केली. माणूस रिक्षा ओढतो आणि आपण त्याला दुकानदार केले. श्रमाची लाज वाटू नये हे शिकवायचे सोडून आपण ती लाज झाकली. दुसऱ्याचे म्हणणे, ती लाज त्यांनी निर्माण केलेली नाही, आणि आपण मुंबईहून चार दिवसांसाठी येऊन त्यांना स्वाभिमानाचे धडे देणारे कोण? तिसऱ्याचे म्हणणे, पुसलेल्या फोटोत फक्त त्यांचे काम होते. या फोटोत ते स्वतःला कसे पाहू इच्छितात ते आहे आणि तेही खरेच आहे. वाद मिटला नाही. आजही मिटलेला नाही. एवढे मात्र तिघांनाही मान्य आहे की कोलकात्याचा काही स्वभाव आम्हाला कळला असेल तर तो या दोन दिवसांत कळला. ज्या शहरात एक परका माणूस दुसऱ्या परक्याला जाब विचारताना आवाज चढवत नाही, अत्तरवाला न कुरकुरता आपली खुर्ची बाहेर आणून देतो आणि चहाचे पैसे पाहुण्याला देऊ देत नाहीत, त्या शहराविषयी हे आम्हाला सांगता येईल. यातले काहीच आमच्या कॅमेऱ्यात नाही.

लिहितानाही हीच अडचण आली. एखाद्याचे गुपित कागदावर मांडणे म्हणजे त्याचा फोटो छापण्यासारखेच आहे. म्हणून चाचांचे नाव, गाव, जिल्हा आम्ही लिहिलेला नाही. आपांना मात्र हा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि म्हणाल्या, "आता यात मी आहे. छापा."

लेखासोबत एखादा फोटो द्यावा अशी सूचना होती. तो आम्ही दिलेला नाही. त्याच्या दोनच प्रती काढल्या होत्या आणि त्या ज्याच्या त्याच्याकडे आहेत.